उंदराचं लिव्हर, माणसाची कॅप्सूल

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं आलं, की दोन दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पडतोच. गेल्या महिन्यात मला तो तिघांनी पाठवला. त्यातली एक माझी मावशी, म्हणून शेवटपर्यंत वाचला. सार असं: तेलातुपाने यकृतावर चरबी चढते, मिल्क थिसल (एक काटेरी परदेशी वनस्पती), हळद, ग्रीन टी आणि गुळवेल यांच्या अर्काची कॅप्सूल ती ‘वितळवते’, हे प्रयोगात सिद्ध झालंय, सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही, तीन महिन्यांत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, आणि पथ्याची गरज नाही.

“प्रयोगात सिद्ध झालंय.”

झालंय, पण उंदरांवर. मेसेजची सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या प्रयोगांत उंदरांना ‘हाय फॅट’ खाद्य देतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या खाद्यात 60 टक्के उष्मांक चरबीतून येतात, आणि ती चरबी बहुतेक डुकराची असते. हेच प्रमाण आपल्या ताटात मांडून बघा. रोज 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला त्यासाठी 130 ग्रॅमच्या वर चरबी लागेल. ती सगळी तेलातुपातून घ्यायची म्हटलं, तर चौघांच्या घराला 15 किलोचा डबा महिनाभरही पुरायचा नाही. आमच्याकडे दिवाळीच्या महिन्यातसुद्धा एवढं तेल लागत नाही, आणि आमच्याकडे चकल्या भरपूर होतात.

शिवाय पुष्कळ प्रयोगांत अर्क पहिल्या दिवसापासून, त्या खाद्याबरोबरच दिला जातो. म्हणजे चढलेली चरबी उतरवली असं नाही, चढायला अडथळा केला. आपला माणूस मात्र रिपोर्ट हातात आल्यावर कॅप्सूल घेतो.

आणि त्याच उंदराचं चरबीचं खाद्य थांबवून त्याला साधं खाद्य दिलं, तर कॅप्सूल न देताही त्याच्या यकृतातली चरबी उतरते. हा उंदीर जाहिरातीत कधीच दिसत नाही.

उंदरांवरचे प्रयोग टाकाऊ असतात असं माझं म्हणणं नाही, सुरुवात तिथूनच होते. पण फॅटी लिव्हरवरच्या रेसमेटिरॉम या औषधाला मार्च 2024मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती साडेनऊशेहून जास्त रुग्णांना वर्षभर औषध किंवा नकली गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) देऊन, आधी आणि नंतर यकृताचा तुकडा तपासल्यावर. मिल्क थिसलवर माणसांमध्येही अभ्यास झालेत. पण यकृताचा तुकडा तपासून खात्रीची सुधारणा काही दिसलेली नाही.

“तेलातुपाने यकृतावर चरबी चढते.”

अर्धं खरं. 2005 साली अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी नेमकी कुठून आली याचा माग काढला गेला. खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली 15 टक्के. साखर-पिष्टापासून यकृताने स्वतःच बनवलेली 26 टक्के. उरलेली 59 टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तावाटे उतरलेली.

म्हणून तूप सुटलं का? नाही. 2018च्या एका प्रयोगात लोकांना तीन आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या. तुपालोण्यासारख्या संपृक्त चरबीतून घेतल्या तेव्हा यकृतातली चरबी 55 टक्क्यांनी वाढली, साखरेतून घेतल्या तेव्हा 33, असंपृक्त चरबीतून घेतल्या तेव्हा 15. तेव्हा उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि दिवसाला पाच गोड चहा घेऊन ‘मी तळलेलं खातच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

“नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.”

हा दावा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कोविडच्या काळात, 2020च्या अखेरीस, मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असेल असं म्हटलं. पुढे देशातल्या 13 केंद्रांतून असेच 43 रुग्ण नोंदले गेले. ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018मध्ये सांगितलं, की त्यातला मुख्य घटक दिवसाला 800 मिलीग्रॅम किंवा अधिक गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. कपभर चहाची ही गोष्ट नव्हे, गोळीची आहे. हळदीचंही तेच. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, आणि शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क घालून केलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलींनी हेपेटायटिस झाल्याच्या नोंदी इटलीत आहेत, अमेरिकेतही आहेत.

यकृत सुधारायला घेतलेल्या गोळीने यकृतच बिघडायचं, ही आगीतून फुफाट्यात जाण्याची तऱ्हा.

“तीन महिन्यांत एसजीपीटी नॉर्मल.”

होईलही. पण फॅटी लिव्हर असलेल्या कित्येकांचा एसजीपीटी मुळात नॉर्मलच असतो. तो उतरला म्हणजे चरबी गेली किंवा यकृताचं घट्ट होणं थांबलं असं नाही; ते बघायला फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा आणि चरबी मोजणारी तपासणी, लागतो. आणि चार पैसे मोजून कॅप्सूल आणणारा माणूस बहुधा त्याच आठवड्यात फरसाणही बंद करतो, मग श्रेय कोणाला द्यायचं?

“एकही सप्लिमेंट चालत नाही का मग?”

हे मेसेजमध्ये नाही, मावशीने विचारलं. एकाचा पुरावा बरा आहे: ई जीवनसत्त्व. 2010च्या एका चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण चरबीमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना ते रोज 800 युनिट दिलं. 96 आठवड्यांनी 43 टक्क्यांत सुधारणा दिसली, नकली गोळीवाल्यांत 19 टक्क्यांत. यकृतावरचे व्रण मात्र काही भरले नाहीत. आणि दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच.

पथ्याची गरज नाही म्हणता? क्यूबात 293 रुग्णांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार आणि व्यायाम दिला. ज्यांचं वजन 10 टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यातल्या 90 टक्क्यांची यकृताची सूज गेली. अर्थात तेवढं वजन उतरवणारे थोडेच होते, त्यात मेसेजवाल्याची चूक नाही.

मावशीला मी त्या कॅप्सूलच्या डबीचा फोटो मोठा करून दाखवला. आपल्या नियमांनुसार अशा डबीवर छापावंच लागतं ते वाक्य, बारीक अक्षरांत, तिथे होतं: औषधी वापरासाठी नाही.