यकृत कोलीन बनवते, मग ते खायचे कशाला? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

कोलीन या पोषकद्रव्याविषयी एक मजकूर मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कोलीन आपले यकृत स्वतःच तयार करते, त्यामुळे ते आहारातून घेण्याची गरज नाही, ‘आवश्यक’ हे बिरुद त्याला अंडी आणि गोळ्या विकणाऱ्यांनी अलीकडे चिकटवले, त्याची कमतरता झालेला माणूस कुणी पाहिलेला नाही, वरण-भात, पोळी-भाजीत ते हवे तितके असते, आणि वर ते जास्त पोटात गेले तर हृदयविकार होतो. यातले प्रत्येक विधान कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला धरून आहे, म्हणूनच ते पटकन पटते. खोट आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

पहिले विधान सर्वांत महत्त्वाचे, म्हणून त्याकडे आधी नीट पाहू. यकृतातील एक एन्झाइम एका स्निग्ध रेणूला एकामागून एक तीन मिथाइल गट जोडून फॉस्फॅटिडिलकोलीन तयार करते, आणि त्यापासून शरीराला कोलीन मिळू शकते, हे खरे आहे. परंतु परसात विहीर असणे आणि तिचे पाणी वैशाखात घरादाराला पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पाणी पुरते का, याची परीक्षा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष माणसांवर घेतली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 57 निरोगी प्रौढांना आधी पुरेसे कोलीन असलेला आहार दिला, आणि नंतर जास्तीत जास्त 42 दिवस असा आहार दिला की ज्यात 70 किलो वजनामागे दिवसाला 50 मिलिग्रॅमपेक्षाही कमी कोलीन होते. पुरुषांपैकी 77 टक्के आणि रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांपैकी 80 टक्के जणांच्या यकृतात चरबी साचली किंवा यकृताला वा स्नायूंना इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत मात्र हे प्रमाण 44 टक्के होते. हा फरक अर्थपूर्ण आहे, कारण वर सांगितलेल्या एन्झाइमच्या जनुकाला इस्ट्रोजेन चालना देते. म्हणजे तरुण स्त्रीचे यकृत कोलीन जास्त बनवते, आणि तरीही त्या गटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ते पुरले नाही. आहारात कोलीन परत आल्यावर ही लक्षणे मावळली.

चरबी यकृतातच का साचते, याचे उत्तरही ठाऊक आहे. यकृत आपल्याकडची चरबी सूक्ष्म कणांत बांधून रक्तातून बाहेर पाठवते, आणि त्या कणांच्या वेष्टनासाठी फॉस्फॅटिडिलकोलीन लागते. वेष्टन नसले की माल गोदामातच पडून राहतो. शिवाय शरीर एखादे द्रव्य थोडेफार बनवते म्हणून ते आहारात नको, हा नियम पोषणशास्त्राने कधीच मानलेला नाही. ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हाने तयार होते, नियासिन हे ब गटातले जीवनसत्त्व प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून बनते. म्हणून त्यांना कुणी जीवनसत्त्वांच्या यादीतून काढलेले नाही.

दुसरे विधान अंडीवाल्यांचे. अंडी उद्योगाने कोलीनवरील काही संशोधनाला पैसे दिले आहेत आणि जाहिरातींत त्याचा वापरही केला आहे, हे मान्य करायला हवे. मात्र गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. आडोल्फ स्ट्रेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पित्तातून मिळवलेल्या या द्रव्याला पित्ताच्या ग्रीक शब्दावरून 1862 मध्ये नाव दिले. पुढे इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांना टोरांटोमध्ये एक कोडे पडले: स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिनवर जगत होते खरे, पण त्यांची यकृते चरबीने भरत होती. आहारात लेसिथिन, म्हणजे कोलीन असलेला स्निग्ध पदार्थ, घातले की हे टळत असे. लेसिथिनमधला नेमका कोणता भाग गुणकारी, हे शोधता शोधता 1930च्या दशकाच्या सुरुवातीला बेस्ट आणि त्यांचे सहकारी कोलीनपर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरुषांसाठी 550, स्त्रियांसाठी 425, गरोदरपणात 450 आणि स्तनपानाच्या काळात 550 मिलिग्रॅम हे दैनंदिन आकडे दिले ते 1998 मध्ये, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळाने. याला अंड्याच्या व्यापाऱ्यांचे घाईचे कारस्थान म्हणणे अवघड आहे.

कमतरता कुणी पाहिलेली नाही, हे तिसरे विधान तर सरळ चुकीचे आहे. आतड्याच्या आजारामुळे दीर्घकाळ केवळ शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णांत कोलीनची पातळी घसरते व यकृत चरबीने भरते, आणि शिरेतून कोलीन दिल्यावर ती चरबी कमी होते, हे 1990च्या दशकातच दिसून आले होते. एरवी ही कमतरता डोळ्यांना दिसत नाही, याचे कारण ती नसते असे नव्हे. आहारातून कोलीन तुटले तरी शरीर स्वतःच्या पेशींची आवरणे मोडून रक्तातील पातळी बरीचशी सावरून धरते, त्यामुळे लोह किंवा ब-12 प्रमाणे एका साध्या रक्ततपासणीने निकाल लावता येत नाही.

चौथे विधान आपल्या ताटाचे, आणि येथे मात्र दोन्ही बाजूंना जरा सबुरीने घ्यावे लागेल. सर्वसाधारण आकड्यांनी हिशेब करून पाहू. चार पोळ्यांच्या कणकेतून सुमारे 35 ते 40 मिलिग्रॅम, 60 ग्रॅम डाळीतून 55 ते 60, मूठभर मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीतून 30, पेलाभर दूध आणि दोन वाट्या दह्यातून मिळून 60, शंभर ग्रॅम फ्लॉवरच्या भाजीतून 40, आणि बटाटा व शेंगदाण्याचे कूट यांतून 25. बेरीज 250च्या आसपास येते. भातातून जवळजवळ काहीच मिळत नाही. दिवसातून एक अंडे खाणाऱ्याला त्याच्या बलकातून आणखी सुमारे 145 मिलिग्रॅम मिळतात. पांढऱ्यात कोलीन नावालाच असते, त्यामुळे बलक काढून टाकणाऱ्याने कोलीनही टाकलेले असते. तेव्हा ‘हवे तितके मिळते’ हे खरे नाही. पण म्हणून प्रत्येक शाकाहारी माणूस आजारी आहे, असेही नाही. 550 हा आकडा कमाल सावधगिरीने आणि अगदी थोड्या पुराव्यावर बेतलेला ‘पुरेशा सेवनाचा’ अंदाज आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये प्रौढांसाठी 400 हाच आकडा धरला. उलट वरच्या प्रयोगात 70 किलोमागे 550 मिलिग्रॅम घेत असतानाही सहा पुरुषांत लक्षणे दिसली होती. गरज माणसागणिक, जनुकांगणिक बदलते, आणि एका आकड्याच्या खाली असणे म्हणजे आजार नव्हे. सोयाबीन, हरभरा, फ्लॉवर आणि दूध-दही यांचे प्रमाण वाढवणे हा शाकाहाऱ्याला परवडणारा उपाय आहे. गरोदर स्त्रीने मात्र आपल्या गोळ्यांच्या डबीवरील घटकांची यादी वाचून डॉक्टरांना विचारावे, कारण वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाकडे कोलीन ओढून नेते आणि आईचा साठा त्यासाठी खर्च होतो.

शेवटी हृदयविकार. आतड्यातील जिवाणू कोलीनपासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, यकृत त्याचे ऑक्साइडमध्ये रूपांतर करते, आणि या ऑक्साइडचा रक्तवाहिन्यांच्या विकाराशी संबंध असल्याचे क्लीव्हलँड क्लिनिकमधील गटाने 2011 मध्ये दाखवले. हा धागा गंभीर आहे, पण अजून सुटलेला नाही: मूत्रपिंडे मंद चालली तरी हे ऑक्साइड रक्तात वाढते, आणि समुद्री माशांत तर ते मुळातच असते. त्याहून मासलेवाईक गोष्ट अशी की माणसांवरील एका अभ्यासात कोलीन बायटार्ट्रेटच्या गोळ्यांनी त्याची पातळी वाढली, अंड्यांनी नाही. म्हणजे भीती घ्यायचीच असेल तर ती ताटाची नव्हे, डबीची घ्यावी. त्यातही स्मरणशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीची, कारण सिटिकोलीन या कोलीनयुक्त औषधाच्या मेंदूच्या इजेवरील आणि पक्षाघातावरील दोन मोठ्या चाचण्यांत 2012 मध्ये काहीही लाभ दिसला नाही. प्रौढांसाठी दिवसाला साडेतीन ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. ती ओलांडली की घाम, रक्तदाब उतरणे आणि अंगाला मासळीसारखा वास येणे हे त्रास होतात. हा वास ज्यांना थोड्या कोलीननेही येतो, अशी फार थोडी माणसे जगात आहेत, कारण ते ऑक्साइड बनवणारे यकृतातील एन्झाइम त्यांच्यात जन्मतःच सदोष असते. ‘कोलीन जपून खा’ हा सल्ला डॉक्टर देतात तो त्यांना.