तीन भागीदारांची अट कागदी नाही

'होरायझन युरोप' या युरोपीय संघाच्या संशोधन-अनुदान योजनेतली, एका प्रकल्पात किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या स्वतंत्र संस्थांची अट म्हणजे नुसता कागदी सोपस्कार, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. अशाच एका प्रकल्पात मी चार वर्षं मोजमापाचं काम केलं. आमच्या प्रयोगशाळेत सेन्सर बिनचूक चालायचा. भागीदार कारखान्यातल्या धुळीत आणि कंपनांत तो पहिल्याच आठवड्यात चुकीचे आकडे दाखवू लागला. एकटे असतो तर ती चूक आम्हाला दिसलीच नसती.

खरी अडचण लेखात आलेलीच नाही, ती म्हणजे प्रस्ताव लिहिण्याचा खर्च. अनुदान मंजूर झालं की बहुतेक प्रकल्पांत थेट खर्चावर 25 टक्के सरसकट अप्रत्यक्ष खर्च (जागा, वीज, कार्यालय वगैरेंचा) मिळतो, पण प्रस्तावात घातलेले महिने कोणी भरून देत नाही. मोठ्या विद्यापीठांकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. पाच जणांच्या कंपनीत तोच अभियंता दिवसा काम करतो आणि रात्री प्रस्ताव लिहितो. आमच्या गटातली अशी एक छोटी कंपनी पुढच्या अर्जाला आलीच नाही, आणि सगळ्यात चांगली कल्पना तिचीच होती. आधी छोटा आराखडा, मग निवडलेल्यांकडूनच पूर्ण प्रस्ताव, ही दोन टप्प्यांची पद्धत काही विषयांना आहेच. ती सगळीकडे लावावी.