बेल ओढल्यावर कोण येतं?

अकरा मिनिटांनी एक मुलगा आला, हातात स्क्रू ड्रायव्हर. म्हणाला, "मॅडम, सेन्सर खराब है क्या?" म्हटलं, सेन्सर ठीक आहे रे बाबा, मीच दोरी ओढली होती. बाथरूममधली ती लाल दोरी हो, पडलं तर ओढायची म्हणून लावलेली असते ती. आईसाठी म्हाताऱ्या माणसांची राहायची जागा बघायला गेलो होतो, मॅनेजर माझ्या दादाला घेऊन खाली स्विमिंग पूल दाखवायला गेला होता, मी आणि आई सॅम्पल फ्लॅटमध्ये, मला काय सुचलं कोण जाणे, ओढली आणि मोबाईलवर टाइम लावून बसले. त्याच्या पाच मिनिटं आधीच आम्हाला सांगून झालं होतं की इथे चोवीस तास नर्स असते.

गेले तीन महिने हेच चाललंय आमचं. आई ७८ वर्षांची, गोव्यात फोंड्याच्या बाजूला गावातल्या घरात एकटी. बाबा जाऊन चार वर्षं झाली. जूनमध्ये न्हाणीत पाय घसरला, नशीब हाड मोडलं नाही, पण दीड तास तशीच बसून होती, फोन वसरीत चार्जिंगला. शेवटी पोदेराने (आमचा पाववाला) हाक मारली, उंडे, म्हणजे पाव, घ्यायला कोणी बाहेर आलं नाही म्हणून. म्हणजे आमच्या घरची इमर्जन्सी सिस्टम काय, तर सायकलवरचा पोदेर! (त्याचा रिस्पॉन्स टाइम त्या लाल दोरीच्या मानाने वाईट नव्हता असं दादा नंतर म्हणाला, तेव्हा हसू आलं आणि मग कोणीच काही बोललं नाही.)

माझ्याकडे का नाही आणत, असं विचारणाऱ्यांसाठी: पर्वरीला माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला, आणि आई एकदा आठ दिवस राहून स्वतःच म्हणाली की तुझ्याकडे मी म्हणजे कुलपात ठेवलेली पेटी. दादा पुण्यात. एक मावशी तर फोनवर रडायलाच लागली, आईला आश्रमात टाकणार काय गो म्हणून. मावशी, आमच्या वाड्यावर अकरा घरं, त्यातली पाच बंद आणि तीन घरांत एकेकच म्हातारं माणूस, ते मग काय आहे? २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसं गोव्यात ११.२ टक्के होती, केरळनंतर आपलाच नंबर. आता पंधरा वर्षं होत आली त्याला, वाड्यावरून एक चक्कर मारली तरी कळतं काय झालंय ते.

तर जागा बघितल्या तीन. पहिली बार्देशातल्या डोंगरावर, ती लाल दोरीवाली. लॉबी अशी की आईने चपला बाहेर काढल्या. मॅनेजर तिला सारखा "आंटीजी" करत होता आणि ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती. लायब्ररी, योगा हॉल, गेम्स रूम, सगळं बघितलं, आणि कुठेच माणूस नाही. आईने हळूच विचारलं, "हांगा रावतात तीं खंय आसात गो?" राहणारे कुठे आहेत! अर्धे म्हणे दिल्ली-मुंबईचे, सीझनला येतात. जेवण शुद्ध शाकाहारी. आईने मला कोपराने ढोसलं. सोमवारी चालेल, बाकीचे सहा दिवस काय करू?

माझं मत ऐकाल तर हे टूर असतात ना, ते आईवडिलांसाठी नसतातच, ते आपल्यासाठी असतात. पूल बघून आपल्याला बरं वाटतं, की बघा आम्ही कुठे ठेवलंय. ७८ वर्षांची माझी आई त्या पुलात उतरणार आहे? तिला लागणार आहे हाताला घट्ट बसणारा बार, बाहेर उघडणारं बाथरूमचं दार (आत पडलं की आत उघडणारं दार माणसामुळेच अडतं, हे मला आता कळलंय), आणि रात्री दोन वाजता येणारं कोणीतरी. तेच विचारलं मी, रात्री दोन वाजता इथे नेमकं कोण असतं? उत्तर: एक अटेंडंट आणि गेटवर सिक्युरिटी, नर्स "ऑन कॉल". म्हणजे घरी. आणि लिफ्ट सहा जणांची, त्यात स्ट्रेचर आडवं जात नाही, मग १०८ वाले आले तरी माणसाला खुर्चीत बसवून उतरवणार. रॅम्पचंही तसंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी असा साधा हिशेब असतो, तिथला रॅम्प बघून दादा म्हणाला ह्याच्यावरून स्कूटर चढेल, व्हीलचेअर नाही. पुढे बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, पोचायचं ते वेगळंच, डिसेंबरातला ट्रॅफिक धरून करा हिशेब.

पण खरी गंमत अॅग्रीमेंटमध्ये. दादाने पीडीएफ मागवली, चौतीस पानं, रात्री दोघं फोनवर वाचत बसलो. एकविसाव्या पानावर लिहिलेलं की राहणाऱ्या व्यक्तीला आंघोळ, कपडे, संडास हे स्वतःचं स्वतः जमेनासं झालं तर मॅनेजमेंट त्यांना स्वखर्चाने माणूस ठेवायला किंवा जागा सोडायला सांगू शकेल. परत वाचलं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हे सगळं करतोय, त्याच दिवशी बाहेर! "इंडिपेंडंट लिव्हिंग" ह्या शब्दांचा अर्थ हा असतो हो, आणि "असिस्टेड लिव्हिंग" वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि विसरभोळेपणा वाढला की अजून तिसरंच काहीतरी. ब्रोशरमध्ये तिन्हीला एकच हसणारी आजी. शिवाय बांधणारा बिल्डर एक आणि जेवणखाण-नर्स बघणारी कंपनी दुसरी, ती उद्या सोडून गेली तर काय ह्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. केंद्राने २०१९ मध्ये अशा रिटायरमेंट होम्ससाठी मॉडेल गाइडलाइन्स काढल्यात, पण मॉडेल म्हणजे मॉडेल, बंधन नाही. डिपॉझिट परत किती दिवसांत, माणूस गेल्यावर कोणाला, दरवर्षी चार्जेस किती वाढणार, हे सगळं लेखी मागा. तोंडी सगळे गोडच बोलतात.

आणि पैशांवरून आठवलं, ते डिपॉझिट भरायला गावचं घर विकू असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी आधी वकिलाकडे जा. आपल्याकडे गोव्यात बाबा गेल्यावर अर्धा वाटा आईचा, बाकी आम्हा भावंडांचा, आणि कायद्याने नवरा-बायकोची मिळकत समाईक म्हणून वहिनी आणि माझ्या नवऱ्याचीसुद्धा सही लागते, इन्व्हेंतारियो (वारसांच्या वाटणीचं कोर्टातलं काम) झाला नसेल तर तो आधी. आमचा झालेला नाही. तो बसलाय तसाच. आणि कोणी म्हातारीला "घर गिफ्ट डीड करून टाक, आम्ही बघतो" म्हणत असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं कलम २३ वाचा, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल ते देणं रद्द ठरवू शकतं. ती अट मात्र डीडमध्ये लिहून घ्यायची, गृहीत धरायची नाही.

दुसरी जागा सासष्टीत, सिस्टर लोक चालवतात. बघितल्यावर आधी मी नाक मुरडलं, खरं सांगते. जुनी इमारत, एका खोलीत तीन खाटा, बाथरूम कॉमन. पण मागच्या व्हरांड्यात पाचसहा बायका बसून वाल सोलत होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली, न विचारता एक शेंग उचलली, आणि वीस मिनिटांत त्यातल्या एका म्हातारीशी तिचं सोलां (कोकमाची सालं) कशी वाळवायची ह्यावरून भांडण सुरू. मी तिला इतकं बोलताना बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं. तिथे यादीत नाव लावावं लागतं, पुढे बरीच नावं आहेत. आणि कॉमन बाथरूम आईला नको, त्यावर ती ठाम.

तिसरी तिसवाडीत, लहानशी, वीसेक माणसं, पूल वगैरे काही नाही. न सांगता गेलो, सकाळी सव्वासातला. हे सगळ्यांनी करा, ठरवून गेलात की नाटकच दिसतं. किचनमध्ये पेज चढलेली, कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या, एका आजोबांना एक मुलगी भरवत होती आणि घाई करत नव्हती. मी इथेही दोरी ओढली, आधीच सांगते, लाज सोडली मी आता. दोन मिनिटं. नर्सच आली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "चेकिंग?" आवडली मला. झोपून असलेली माणसं ठेवतात का विचारलं तर तिने दोन खोल्या उघडूनच दाखवल्या. वास आला नाही. खर्च मात्र आहे, दादा आणि मी अर्धा अर्धा करतोय, त्यासाठी गाडीचा विचार पुढे ढकललाय.

आईला एक महिना ट्रायलला राहायचं मान्य आहे, पण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर. माटोळी (गणपतीच्या वर फळंभाज्या टांगतात ती) आपल्या हाताने बांधल्याशिवाय ती घरातून हलणार नाही, ह्या वर्षी स्टुलावर चढायचं नाही एवढंच मी कबूल करून घेतलंय. बाकी पेपर रोजचा हवा (निधनवार्ता आधी, मग पहिलं पान), आणि तिला कोणी आंटी म्हणायचं नाही.

काल रात्री परत फोन. म्हणते, बाय, त्यांना विचार, मी माझी आदोळी (नारळ खवायची विळी) आणली तर चालेल का, त्यांच्या नारळाचं काय सांगता येत नाही. मॅनेजरला मेसेज टाकलाय. धारदार वस्तूंचं विचारून सांगतो म्हणालाय, अजून काही आलं नाही.