नुसत्या उन्हावर भात शिजत नाही

पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीवरच्या एका लेखातलं ‘ऑरोव्हिलचं सामूहिक स्वयंपाकघर पूर्णपणे सूर्यावर चालतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. छपरावरची १५ मीटर व्यासाची, आरसे बसवलेली वाटी जागची हलत नाही. सूर्यामागे फिरतो तो वरचा लांबुळका रिसीव्हर, म्हणजे आरशांनी एकवटलेलं ऊन झेलणारा भाग. त्यात तयार झालेली वाफ स्वयंपाकाला जाते. पण याला थेट ऊनच लागतं. विरळ ढगातही उजेड भरपूर दिसतो, मात्र विखुरलेले किरण रिसीव्हरवर एकवटत नाहीत. आरशांवर धूळ बसली तरी तेच. म्हणून जोडीला डिझेलचा बॉयलर आहे. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, तेव्हा भार त्याच्यावरच. हजारभर ताटं ढगांच्या भरवशावर कोण सोडेल? नक्कल करू पाहणाऱ्या संकुलांनी आधी बॉयलरचा खर्च धरावा, आरसे मग.