नवं रूप आणायच्या आधी मोडलेलं परत करा

विंडोजच्या पुढच्या मोठ्या बदलाची चर्चा पुन्हा तापायला लागली आहे. कुणी तरंगत्या टास्कबारची काल्पनिक चित्रं फिरवतंय, कुणी एआयने भरलेला स्टार्ट मेनू दाखवतंय, आणि खाली लोक ‘कधी येणार?’ म्हणून विचारतायत. यात आनंद मानण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजचं रूप पालटलं की पहिल्याच दिवशी रोजच्या वापरातल्या चार सोयी गायब होतात. मग वर्ष-दोन वर्षं लोक बोंबलतात, आणि मग त्याच सोयी ‘नवीन सुविधा’ म्हणून आपल्या हातावर ठेवल्या जातात.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि स्टार्ट बटणच गेलं. वर्षभराने ८.१ मध्ये बटण आलं, पण दाबलं की पुन्हा तोच टाइल्सचा पूर्ण पडदा. खरा स्टार्ट मेनू मिळायला जुलै २०१५ ची विंडोज १० उजाडावी लागली. विंडोजची ही शेवटचीच आवृत्ती, असं तेव्हा त्यांच्याच एका माणसाने परिषदेत जाहीरपणे सांगितलं होतं. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ ला, विंडोज ११ समोर!

या ११ ने टास्कबारचं जे केलं ते अक्षम्य आहे. बार वर किंवा बाजूला नेण्याची सोय काढली. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर नेली की तो प्रोग्राम पुढे येतो, ही इतकी वर्षं हातात बसलेली गोष्ट काढली; ती परत आली सप्टेंबर २०२२ च्या २२एच२ या अपडेटमध्ये (२२ म्हणजे वर्ष, एच२ म्हणजे दुसरी सहामाही). प्रत्येक खिडकीचं वेगळं, नावासकट बटण दिसणं काढलं. ते परत मिळालं २०२३ च्या शरदात. टॅलीची दोन बिलं, चार एक्सेल शीट आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवून काम करणाऱ्या माणसाने ही दोन वर्षं प्रत्येक वेळी आयकॉनवर माउस नेऊन, छोट्या चित्रांतून हवी ती खिडकी हुडकत काढली. टास्कबार मुळापासून नव्याने लिहिला म्हणून हे राहून गेलं, असं मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीच २०२२ मध्ये सांगितलं. अरे, मग लिहून पूर्ण होईपर्यंत थांबायचं होतं ना! अर्धवट लिहिलेली वस्तू लोकांच्या कामाच्या मशीनवर कशाला चढवता?

उंचीचा हिशोबही बघा. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेलचा होता आणि छोटे आयकॉन निवडले की ३० चा. विंडोज ११ आली ती थेट ४८ घेऊन. आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत आणि सेवा केंद्रांत आजही १३६६ बाय ७६८ चे स्क्रीन आहेत. त्या ७६८ मधून टास्कबारचे ४८, ब्राउझरच्या टॅबची पट्टी, पत्त्याची पट्टी, बुकमार्क आणि वेबसाइटचं स्वतःचं डोकं वजा करा. मधे फॉर्मच्या किती ओळी उरतात? रुंद स्क्रीनवर उंची कमी आणि रुंदी भरपूर असते, म्हणून टास्कबार बाजूला ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग होता. तोच बंद केला.

आता राइट क्लिक. जुन्या मेनूत ‘कॉपी’, ‘डिलीट’, ‘रीनेम’ हे शब्द ठरलेल्या जागी असायचे आणि हात न बघता तिथे जायचा. विंडोज ११ मध्ये त्यांची एक आडवी आयकॉनपट्टी झाली, सुरुवातीला तर नुसती चित्रं, खाली नावसुद्धा नाही. बरं, ही पट्टी एका जागी तरी राहावी? तीही माउसच्या बाजूने सरकते. स्क्रीनच्या वरच्या भागात क्लिक केलं की मेनू खाली उघडतो आणि पट्टी माथ्यावर. खालच्या भागात क्लिक केलं की मेनू वर उघडतो आणि पट्टी तळाला. सवय लागणार कशी? चित्रांखाली नावं यायला २०२४ ची २४एच२ लागली. जुन्या प्रोग्रामांचे पर्याय तर ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे ढकलले, म्हणजे एका क्लिकचे दोन. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो, हे निदान लक्षात ठेवा.

आणि इतकी तोडफोड करून आतलं घर मात्र तसंच. विंडोज ८ पासून कंट्रोल पॅनेलची जागा सेटिंग्ज घेणार म्हणून ऐकतोय. आज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, मग अगदी खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ दाबा: जुनीच चौकट उघडते. माउसच्या जादा सेटिंगचंही तेच. एकाच कामासाठी दोन दारं, आणि कुठलं बटण कुठल्या दारामागे ते दर आवृत्तीत नव्याने शोधायचं. फोनवरून एखाद्याला ‘इथे जा, हे दाब’ सांगताना आधी त्याच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते विचारावं लागतं. हे काम आधी संपवा, मग काचेचे आणि गोल कोपऱ्यांचे लाड करा.

सगळ्यात जास्त संताप मशीनच्या अटींचा येतो. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) लागतं, यूईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडीच्या रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी असलेलं धडधाकट मशीन रद्दीत! विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत वाढवून दिली तीही वर्षभराची, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं आलंच. शिवाय ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. हार्डवेअर लॉकवर (मशीनला जोडायची परवान्याची किल्ली) चालणारं जुनं देवनागरी डीटीपी सॉफ्टवेअर, जुना स्कॅनर, जुनं लेबल प्रिंटर, यांचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा असेल तर तो ६४ बिट विंडोजवर चढत नाही म्हणजे नाहीच. छापखान्यात लग्नपत्रिकांच्या हंगामात हे कळलं तर काय करायचं? लॉक ठीक, फॉन्ट ठीक, आणि सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ म्हणून अडून बसलेलं.

म्हणून पुढचं रूप यायच्या आधी हे आत्ताच बघून ठेवा. रनमध्ये (विंडोज की आणि आर) ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाका आणि बायोस मोड वाचा. ‘लेगसी’ दिसलं तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीची आहे; यूईएफआयला जीपीटी ही नवी मांडणी लागते. नुसतं बायोसमध्ये जाऊन यूईएफआय निवडलंत तर मशीन सुरूच होणार नाही. आधी बॅकअप, मग अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कची मांडणी बदलणाऱ्या ‘एमबीआर२जीपीटी’ टूलची व्हॅलिडेट तपासणी (mbr2gpt /validate /allowFullOS), ती पास झाली तरच कन्व्हर्ट, आणि त्यानंतर बायोसमध्ये बदल. आपल्याकडे इथेच घोडं अडतं: असेंबल केलेल्या मशीनवर डी आणि ई ड्राइव्ह बऱ्याचदा एक्सटेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल म्हणून केलेले असतात. हे टूल तशी डिस्क घेतच नाही. जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन आणि एकही लॉजिकल नाही, अशीच डिस्क त्याला चालते. म्हणजे आधी डी आणि ई चा सगळा माल बाहेर काढा, ते पार्टिशन उडवा, मग पुढे.

अपग्रेड झाल्यावर नाही पटलं तर मागे जाता येतं, पण फक्त १० दिवस. मार्चअखेरच्या गडबडीत १० दिवस कसे जातात ते कळतही नाही, आणि मग जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप उडतं. पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘डिसम’ कमांडने ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ची किंमत ६० करा (DISM /Online /Set-OSUninstallWindow /Value:60), म्हणजे ६० दिवस मिळतील. हा पर्याय सेटिंग्जच्या पडद्यावर ठेवायला काय हरकत होती? ज्याला कमांड लिहिता येत नाही त्याने दहाव्या दिवशी अडकून बसायचं? प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायचं टूल) टार्गेट फीचर अपडेटची आवृत्ती लिहून टाका, म्हणजे तिचा आधार असेपर्यंत पुढची आपोआप येणार नाही.

आणि एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा कुलूपबंद करणं. २४एच२ पासून नवीन मशीनवर किंवा कोऱ्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की डिस्क बहुतेक वेळा गुपचूप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. दुकानदाराने घाईत स्वतःच्या ईमेलने मशीन चालू करून दिलं असेल तर की त्याच्या खात्यात! सहा महिन्यांनी बायोस अपडेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा ४८ आकडे मागू शकतो, आणि मशीन ज्याचं आहे त्याच्याकडे ते नसतात. आतला सगळा डेटा, मुलांचे फोटो, सात-बाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, गेला. सेटअपच्या वेळी पूर्ण पडदाभर मोठ्या अक्षरांत ‘तुमची डिस्क कुलूपबंद होतेय, ही की लिहून घ्या’ एवढं सांगायला यांना जमत नाही, आणि जाहिरातीचे पाच पडदे मात्र जमतात. आजच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर स्वतःच्या खात्यातून की काढा, कागदावर छापा आणि मशीनच्या बिलाबरोबर फाइलला लावा.