बोटीचा पाय

बोट वर्षभर पाण्यात नांगरून ठेवण्यात सुख आहे असे ज्याला वाटते, त्याने तिच्या पाठीमागे लटकणारा आउटड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा पाय, एकदा बाहेर काढून पाहावा. मी पाहिला, तेव्हा त्यावर बार्नकलांची, म्हणजे बुडत्या पृष्ठभागाला घट्ट चिकटणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांची, इतकी दाट वस्ती झाली होती की खालचा धातू नजरेस पडायला माझा अर्धा दिवस गेला. लाकडी पट्टीने एकेक टणक कवच खरवडताना मी ठरवले की यंदा या पायाला चांगला जलचररोधक रंग लावायचाच.

बोटीच्या तळाला लावून उरलेला अर्धा डबा घरात होताच. तो उघडता उघडता बारीक अक्षरांतली सूचना वाचली, आणि हात जागीच थांबला. रंगात कुप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबे. आणि माझा आउटड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची गाठ पडली की त्यांची चक्क बॅटरी होते, आणि तिचे बिल अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजून भरते. बार्नकल निदान नुसते राहायला आले होते; हा रंग घरच खाणार होता.

भानगड तशी जुनीच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, तेव्हा लाकूड पोखरणारे किडे हटले, पण लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. मात्र तांबे विरघळेनासे झाल्यामुळे जलचरांनी त्यावरच बिऱ्हाड थाटले. जिथे डेव्हीची ही गत, तिथे मी कोण?

दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एकात कुप्रस थायोसायनेट होते; हेही तांबेच, पण सौम्य, आणि खाली इपॉक्सी प्रायमरचा अखंड थर असेल तरच चालणारे. दुसऱ्यात तांबे अजिबात नव्हते, झिंक पायरिथिऑन हे जलचरांना दूर ठेवणारे दुसरे रसायन होते. शेजारच्या नांगरावरचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, “अहो, पूर्वीच्या कथिलाच्या रंगाची सर कशालाच नाही.” त्या रंगाने समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली आणि अखेर २००८ मध्ये त्यावरील जागतिक बंदी अमलात आली, हे मी त्यांच्या वयाकडे पाहून बोललो नाही.

प्रायमरच्या एखाद्या ओरखड्यावर माझ्या अ‍ॅल्युमिनियमचे भवितव्य टांगावे, एवढा माझा माझ्या हातावर विश्वास नसल्याने मी तांब्याविना डबा घेतला. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडची साय धरते म्हणून प्रायमर घाईने लावला, आणि तो बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही अशा नेमक्या घटकेला रंगाचा पहिला हात दिला. आमच्यासाठी झिजणे हेच ज्याचे काम, तो जस्ताचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड मात्र कागदी टेप लावून कोरा ठेवला. त्याला रंग फासला तर तो बिचारा निरुपयोगीच होतो. आउटड्राइव्हच्या सांध्यावरच्या रबरी घडीलाही ब्रश लावला नाही.

हंगामाच्या शेवटी बोट वर काढली, तेव्हा आउटड्राइव्ह जवळजवळ स्वच्छ होता. मी अभिमानाने मागे सरकलो, आणि प्रोपेलर दिसला. झाडून सारे बार्नकल त्याच्या पात्यांवर दाटीवाटीने बसले होते. डबा घेऊन पुन्हा दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, “हा नाही चालणार, साहेब. प्रोपेलरचा रंग वेगळा असतो.”