लस हवी? पुढच्या बुधवारी या

गरिबांच्या पोरांचं लसीकरण अर्धवट का राहतं, या चिंतेनं ज्यांची झोप उडाली आहे अशा समस्त समाजहितैषी वाचकांसाठी काही उपाय लिहून ठेवते आहे. तुमची झोप उडाली नसेल तरी वाचा. कधी कुठल्या समितीवर वर्णी लागेल, सांगता येत नाही. माझं या विषयातलं शिक्षण नुकतंच झालं, आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोबरोबर तिची नऊ महिन्यांची मुलगी घेऊन गोवर-रुबेलाच्या (एमआर) लशीसाठी गेले तेव्हा. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तुमच्या घराजवळही तसाच एक असेल.

सर्वात आधी, आया अडाणी असतात हे मनाशी पक्कं करा. एकदा हा पाया भरला की पुढचं बांधकाम सोपं जातं. लसीकरणाचा आकडा घसरला, आया अडाणी. गोवराची साथ आली, आया अडाणी. फ्रिज बंद पडला, तरी थोडं ओढूनताणून तिथपर्यंत आणता येतं. या सिद्धांताला धक्का लावणारं काही वाचू नका. उदाहरणार्थ राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर केलेला प्रयोग. तिथली सरकारी आरोग्य उपकेंद्रं अवचित जाऊन पाहिली, तर 45 टक्के वेळा नर्सबाई गैरहजर. जिथे नवं काहीच केलं नाही त्या गावांत लसीकरण पूर्ण झालेली मुलं जेमतेम 6 टक्के. मग काही गावांत ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर भरवलं, तर आकडा 18 वर गेला. अजून काही गावांत तेच शिबिर, पण दर लशीला किलोभर डाळ आणि सगळ्या लशी झाल्या की जेवणाच्या ताटांचा संच, तर 39. वर मुलामागे खर्च कमी आला, कारण नर्सबाई तर दिवसभर बसणारच होत्या, समोर पोरं जास्त आली इतकंच. 2010 साली हे सगळं छापून आलं. म्हणजे नुसतं दार वेळेवर उघडलं तरी अडाणी आया तिपटीनं शहाण्या होतात! असली माहिती समितीच्या बैठकीत चुकून काढू नका, चहा गार होतो.

जनजागृती मात्र भरपूर करा. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी लसीकरण बंद होतं. का, तर सिस्टर आणि आशाताई लसीकरणाच्या जनजागृती फेरीला गेल्या होत्या. हा विनोद माझा नाही, दवाखान्याचा आहे.

कार्ड दुसऱ्या गावचं असेल तर ते उलटसुलट करून बघा आणि "हे तिकडचं आहे, इकडचं काढा" असं सांगा. (मुलीच्या आधीच्या लशी नांदेडकडच्या गावात वेळच्या वेळी झाल्या होत्या. कार्ड आधारकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत, एक घडीही फाटलेली नाही. तर अशा ह्या अडाणी आया.)

ऑनलाइन नोंदणीचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जाईल आणि नवरा ड्यूटीवर असेल, अशीच व्यवस्था ठेवा.

लस टोचल्यावर ताप येऊ शकतो हे सांगू नका. कुठली लस दिली, त्रास झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्या असतात असं नर्सच्या प्रशिक्षणात शिकवतात. फारच वेळखाऊ प्रकार. त्यापेक्षा रात्री बाळ तापानं फणफणलं की घरातली म्हातारी माणसं जे सांगायचं ते सांगतातच. मग ती आई पुन्हा फिरकत नाही, आणि पहिला सिद्धांत आपोआप सिद्ध होतो.

आता मुख्य उपाय. कुपी फोडू नका.

"सिस्टर, एमआर आहे का?"

"आहे. पण एकच बाळ आलंय ना. बाटली फोडता येत नाही."

"किती लागतात?"

"चार-पाच तरी."

"ती कधी जमतात?"

"आता ते मी कसं सांगणार? बुधवारी या."

"आज बुधवारच आहे."

"पुढच्या."

यामागचं शास्त्र असं. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते, द्रावण घालून ती तयार करायची. एका कुपीत अनेक डोस. एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरेल ती फेकून द्यायची. क्षयावरच्या बीसीजीचंही तेच. पोलिओ किंवा पाच रोगांवरच्या पेंटाची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर पुढच्या सत्राला चालते, एमआर आणि बीसीजी या दोघींचे मात्र नखरे आहेत. म्हणून एका बाळासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया. आणि वाया गेलेला डोस रजिस्टरात लिहावा लागतो. महिन्याच्या शेवटी वेस्टेजची टक्केवारी निघते, वरून विचारणा होते, सिस्टरला खुलासा द्यावा लागतो. तिच्या जागी मी असते तर मीही दोनदा विचार केला असता, हे कबूल. पण मी टेबलावरचं ते रजिस्टर उलटं उभं राहून वाचलं. आलेले डोस, वापरलेले डोस, वाया गेलेले डोस, शिल्लक डोस. सगळ्याला रकाना. परत पाठवलेल्या बाळाला रकाना नाही! फेकलेल्या लशीचा हिशेब कलेक्टरपर्यंत जातो, आणि हाकलून दिलेलं पोर कुठेच जात नाही. ते वस्तीत परत जातं, दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारच्या आठ पोरांत खेळायला. गोवराचा एक रोगी, आजूबाजूला कुणालाच लस नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण देतो. साथ रोखायची तर शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना कानीकपाळी ओरडते आहे की एक बाळ आलं तरी कुपी फोडा, वाया जाऊ दे उरलेलं! पण तिचं कोण ऐकतं? 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत पोरं दगावली, भिवंडी-मालेगावपर्यंत साथ गेली, तेव्हा कुणी डोस मोजत नव्हतं. तेव्हा मंत्र्यांपासून सगळे वस्तीत. आणि टीव्हीवर काय चर्चा? तर आया अडाणी.

हा उपाय जरा लांबला. पुढचे थोडक्यात.

आशाताईंना पुरस्कार द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 साली दिलाच आहे. एक मूल वर्षाचं होईस्तोवर त्याच्या सगळ्या लशी करून घेतल्या की त्यांना शंभर रुपये मिळतात असं ठरलेलं आहे, तेवढ्यात भागवायला सांगा. मानधन वाढवा म्हणून संपावर बसल्या तर लसीकरण कोलमडल्याचा दोषही त्यांनाच द्या.

ऊसतोडीला गेलेल्या बायांच्या पोरांच्या लशीची तारीख हमखास ती कारखान्याच्या फडावर असताना काढा.

आणि जगाकडे बोट दाखवायला विसरू नका. 2024 साली जगभरात सुमारे 2 कोटी बाळांचा डीटीपीचा (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्यावरच्या लशीचा) एखादा तरी डोस हुकला, त्यातल्या 1 कोटी 43 लाखांना तर एकही मिळाला नाही. एकही डोस न मिळालेल्या बाळांमध्ये 2023 साली नायजेरियाच्या पाठोपाठ आपला नंबर होता, 16 लाख. पुढच्या वर्षी तो 9 लाखांवर आला, हे खरंच मोठं काम झालं, आणि ते उन्हातान्हात फिरणाऱ्यांनी केलं, फेऱ्या काढणाऱ्यांनी नाही. सुदान-येमेनमध्ये दवाखाना आणि बाळ यांच्यामध्ये बंदुका आहेत. आपल्याकडे मध्ये काय आहे? रजिस्टर. जगभरच्या पोरांना टोचायची लस पुण्यात बनते, आणि इथल्या एका मुलीला ती चार सोबती मिळेपर्यंत थांबा म्हणतात.

बस झाला उपरोध. हेच लोक, हाच देश, हेच सरकारी खातं. पोलिओच्या वेळी घराघरावर खडूनं खुणा केल्या, ज्या घरातलं एक बाळ राहिलं तिथे परत गेले, चालत्या रेल्वेत थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. 13 जानेवारी 2011 नंतर या देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा एकही नवा रुग्ण नाही. तेव्हा आया अडाणी नव्हत्या का? होत्या तशाच होत्या. आपण त्यांच्या दारात गेलो होतो, एवढाच फरक. आता त्या आपल्या दारात येतात, तर त्यांना बुधवार सांगतो. लाज वाटली पाहिजे.

दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरा. रजिस्टरात परत पाठवलेल्या बाळांचा रकाना काढा आणि त्याचा खुलासा मागा, सिस्टरकडे नाही, तिला कुपी फोडू न देणाऱ्या साहेबाकडे. सत्राच्या दिवशी तिला फेरीत फिरवू नका.

आणि समितीतल्या साहेबांनाच कशाला बोलू? ती बाई आमच्याच सोसायटीत चार घरी भांडी घासते. दवाखान्याच्या प्रत्येक हेलपाट्याला तिचे खाडे पडले आणि त्यातल्या दोन घरांनी पैसे कापले. याच दोन घरांतून "गरीब लोक लसीकरणाबाबत उदासीन का?" हा लेख सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, खाली हात जोडलेले. बायांनो, पुढच्या वेळी तिच्या लेकीच्या लशीच्या दिवसाचा खाडा धरलात, तर जिन्यात गाठून सगळ्यांसमोर बोलेन, आत्ताच सांगून ठेवते.